वावडं

सिरिंज भरत गेली तसा धाकू पुढे वाकून बघू लागला. पिवळा पू येईल अशी त्याने मनाची तयारी केली होती. रक्त आलं असतं तरी तो डगमगला नसता, कोळ्याच्या पोराला रक्ताचं काय एवढं! पण सगुणाच्या खुब्यातून डॉक्टरीणबाईंनी ओढून काढलं ते राखाडी होतं, काळ्याकडे झुकलेलं. खिडकीच्या उजेडात धरलं तेव्हा त्यात बारीक भुकटी तरंगताना दिसली. हा रंग त्याच्या रोजच्या ओळखीचा होता. मानपाड्याच्या मुलामा चढवणाऱ्या कंपनीत निकेलच्या टाकीत निकेलच्या कांड्या सोडतात, त्या कापडी पिशव्या घालूनच. कांडी दिवसेंदिवस झिजत जाते, तिचं निकेल पाण्यात उतरतं, पाण्यातून समोर टांगलेल्या मालावर जाऊन बसतं आणि मागे राहिलेला गाळ पिशवीत साठतो. दर शनिवारी त्या पिशव्या उलट्या करून धुवायचं काम त्याने बावीस वर्षं केलं होतं. तोच गाळ बायकोच्या मांडीतून निघताना बघावा लागेल असं त्याच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

ठाण्याच्या त्या इस्पितळात शनिवारची सकाळची गर्दी ओसरली होती. नर्स सगुणाला धरून फोटो काढायला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि धाकू टेबलासमोर एकटा राहिला. डॉक्टरीणबाई पोरसवदा होत्या, कोटावर डॉ. शुभदा एवढंच वाचता येत होतं आणि चष्म्याच्या दांड्या सोनेरी होत्या. त्या शांतपणे, शाळेत शिकवल्यासारख्या सांगू लागल्या. "मागच्या आठवड्यात काढलेल्या पाण्यात जंतू सापडले नाहीत. ताप नाही. तरी सूज आहे, आत हाड विरघळल्यासारखं झालंय. पाच वर्षांपूर्वी यांना खुब्यात स्टेनलेस स्टीलचा गोळा बसवला ना, तो झिजतोय. शरीरातलं पाणी खारट असतं. त्या पाण्यात धातू थोडा थोडा उतरतो. बहुतेकांचं शरीर ते सोसतं. काहींचं सोसत नाही, जंतू आलेत असं समजून भांडायला उठतं. म्हणून विचारते, यांना खोट्या दागिन्यांचं काही होतं का? कानाला, गळ्याला खाज, पुरळ?"

"नाही," धाकू म्हणाला.

एवढ्या झटकन म्हणाला की त्याचं त्यालाच कळलं नाही. बारा वर्षं हा 'नाही' त्याच्या जिभेवर तयार बसून होता, कोणी विचारायचीच खोटी. बाई म्हणाल्या, "नक्की? नीट आठवा. सोमवारी हा गोळा काढून दुसरा बसवायचा आहे. वावडं असेल तर मला वेगळ्या धातूचा मागवावा लागेल, मुंबईहून, उद्या रात्रीपर्यंत. तसाच पुन्हा बसवला आणि पुन्हा हेच झालं, तर तिसऱ्यांदा बसवायला हाड उरणार नाही." धाकू त्यांच्या चष्म्याच्या दांड्यांकडे बघत राहिला. "ती सगळं खऱ्या सोन्याचंच घालते," तो म्हणाला. बाईंनी कागदावर 'नाही' एवढा एक शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

शीळफाट्यावरून डोंबिवलीला जाणाऱ्या बसमध्ये त्याने सगुणाला खिडकीकडे बसवलं. मुंब्र्याच्या वळणावर बस कलली तसा तिने दात आवळून त्याचा दंड धरला आणि वळण संपल्यावर सोडून दिला. वैशाखाचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं, तिच्या गळ्याला घामाची रेघ होती आणि गळ्यात नुसती काळी पोत. धाकू चोरून तिच्या गळ्याकडे बघत होता. त्वचा स्वच्छ होती, आणि स्वच्छ असल्याचंच त्याला भय वाटत होतं. वर काही दिसत नाही म्हणजे सगळं आत चाललंय. ती एक पाऊल टाकते तेव्हा आत किती उतरत असेल? घरातून मोरीपर्यंत अकरा पावलं. बाजारातून घरी किती? आणि ही बाई पाच वर्षं डोक्यावर टोपली घेऊन चालत होती, लोकांना बोंबील आणि निवट्या विकत होती आणि आतल्या आत त्या गोळ्याचं पाणी होत होतं. पिशवीसुद्धा नाही, त्याच्या मनात आलं. टाकीत निदान पिशवी असते.

सगळं सुरू झालं ते बोरमाळेपासून. सगुणाच्या आईची बोरमाळ, बोराएवढे मणी, वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख भरलेली, जुन्या लोकांची रीतच तशी. ब्याऐंशी साली नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी धाकूने ती कंपनीत नेली. कंपनीतले सगळेच नेत. मालक पेनाच्या टोप्यांना आणि चष्म्याच्या दांड्यांना सोन्याचं पाणी चढवत असे, त्याची एक छोटी टाकी होती कुलपातली. सणाच्या तोंडावर जेवणाच्या सुट्टीत चावी हळूच बाहेर यायची आणि ज्याच्या-त्याच्या बायकोचे डूल, अंगठ्या, डोरली त्या टाकीत बुडून निघायची. फक्त तार उलटी जोडायची, प्लसला. माल मायनसला टांगला तर सोनं बसतं, प्लसला टांगला तर सुटतं. पाच म्हणेपर्यंत धरायचं, वरचा मळका पापुद्रा पाण्यात जातो आणि आतलं सोनं लख्ख निघतं. पाचाच्या वर आकडा म्हणायचा नाही, एवढा एकच नियम. कंपनीचा केमिस्ट पोपट साळुंखे, मूळचा साताऱ्याकडचा, त्यानेच हे शिकवलं होतं. "धाकूभाऊ, धातू मरत नसतो," तो म्हणायचा. "त्याचे आयन होतात. दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका, पाण्यात तो सगळाच्या सगळा असतो." धाकूने माळ टांगली, एक म्हणाला, दोन म्हणाला आणि फाटकाशी मालकाच्या गाडीचा हॉर्न वाजला. आज यायचा नव्हता तो आला होता. धाकू कुलपाच्या खोलीचं दार ओढून बाहेर पळाला, निकेलच्या टाकीवर काहीतरी ढवळत उभा राहिला. मालक त्याच्याच शेजारी उभा राहून वीसेक मिनिटं बोलत होता, काय बोलला ते धाकूला कधीच आठवलं नाही. तो मनात आकडे म्हणत होता. गाडी गेल्यावर त्याने टाकीतून तार वर ओढली तेव्हा तारेला लाखेचे मणी लोंबत होते. काळपट, ओले, चिंचोक्यासारखे. सोनं कुठेच नव्हतं. तो वाकून टाकीत बघत राहिला, पाणी जसंच्या तसं होतं.

त्या दिवशी त्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं. सांगावं तर कुणाला? मालकाला सांगितलं तर चोरून टाकी वापरल्याबद्दल सगळ्यांच्याच पोटावर पाय. सगुणाला सांगावं तर तिची आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पितळेच्या मण्यांची तशीच माळ त्याने कल्याणच्या बाजारातून आणली, दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे कामावर जाऊन तिच्यावर निकेल चढवलं, मन लावून, आयुष्यात कुठल्या मालावर चढवलं नसेल इतकं मन लावून, आणि त्यावर सोन्याचं पाणी. संध्याकाळी नारळ खाडीत सोडायला सगळा कोळीवाडा धक्क्यावर जमला तेव्हा त्याने स्वतःच्या हातांनी ती सगुणाच्या गळ्यात घातली. फासा काही केल्या लागेना, हात कापत होते. सगुणा मान खाली घालून उभी होती. माळ गळ्यावर टेकल्यावर ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "लय चकाकते." बस एवढंच. तिसऱ्या दिवशी तिच्या गळ्यावर मण्यामण्याच्या खाली लाल पुरळ उठलं, आठ दिवस ते पाझरत होतं. धाकू म्हणाला, घामाने झालं असेल. ती म्हणाली, हो, घामानेच. पुढे दर सणाला असंच व्हायचं आणि मग तिने ती माळ ट्रंकेत ठेवून दिली. घामाची भीती वाटते म्हणाली. आणि धाकूला कितीतरी महिने सोनेरी दांड्यांचा चष्मा घातलेला माणूस दिसला की वाटायचं, सासूबाईंचं सोनं बसलंय ते याच्या दांड्यांवर.

अठ्ठ्याऐंशी साली शीलाचं, त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न झालं तेव्हा तर धाकू मेल्याहून मेला झाला होता. शीलाने आजीची बोरमाळ मागितली. शहाडचं सासर, दीर सोनारकामात. माळ त्या घरात गेली असती तर पहिल्याच दिवशी कसोटीवर घासली गेली असती. पण सगुणा अडूनच बसली. "माझ्या आईची हाय ती. मी मेल्यावर घे." पोरगी रडली, विहीणबाई कुजबुजल्या, भावकीतले सगुणाला चिकट ठरवून मोकळे झाले. तिने ते सगळं ऐकून घेतलं. धाकूने तेव्हा देवीला मनोमन हात जोडले होते, की बायकोला एवढा लोभ दिलास म्हणून वाचलो. आज बसमध्ये त्याला त्या हात जोडण्याची लाज वाटली आणि का वाटली हे त्याला नीट उमगेना.

दुसऱ्या वर्षी धक्क्याच्या पायरीवर शेवाळावरून सगुणाचा पाय सरकला. खुबा मोडला. स्ट्रेचरवर ती कण्हत पडली होती तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी फॉर्म भरता भरता विचारलं होतं, कशाचं वावडं? औषधाचं, मासळीचं, आणखी कशाचं? धाकू म्हणाला होता, नाही. मासळीचं वावडं कोळणीला, असं म्हणून थोडा हसलाही होता. आता तो तेव्हा हसलेला धाकू त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्याला निकेल कळत होतं. स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असतं हे त्याला त्या डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं, खाऱ्या पाण्यात ते काय करतं हे तर त्यांच्यापेक्षाही जास्त. धक्क्यावर बापाने होडीला स्टीलची कडी बसवली होती, दोन वर्षांत तिला सुईने टोचल्यासारखी भोकं पडली होती. सगळं ठाऊक असलेला एकच माणूस त्या खोलीत होता आणि तो नाही म्हणाला.

मानपाड्याला बस थांबली. खिडकीतून त्याच्या कंपनीचा ओळखीचा आंबूस वास आत आला आणि सगुणाने पदर नाकाला लावला. "उतरून चावी घेवाची हाय काय तुमाना?" तिने विचारलं. चावी! त्याला कुलपातल्या टाकीचीच चावी आठवली. मग ध्यानात आलं, ती त्याच्या कपाटाच्या चावीबद्दल बोलत होती, रजा टाकली म्हणून शेजारच्या कामगाराकडे दिलेली. "नको," तो म्हणाला. सोमवारी तिला काही झालं तर, हा विचार त्याने बसमध्ये प्रथम पुरता केला. इतका वेळ अर्ध्यावर सोडत होता. काही झालं नाही, पाय राहिला, पण गोळा तोच बसला, तर? मग आणखी पाच वर्षं ती अकरा पावलं मोरीपर्यंत चालेल आणि तो ती पावलं मोजत पडून राहील. एकदा जोरात रडावं असं त्याला वाटलं. कंडक्टरने घंटी मारली.

घरी आल्यावर तिला खाटेवर टेकवून त्याने चहा ठेवला. ऊन अजून पडवीत होतं, शेजारच्या जनीने जाळं वाळत घातलं होतं आणि त्याच्या सावल्या भिंतीवर पसरल्या होत्या. चहा उतू गेला. तो पुसता पुसता, तिच्याकडे पाठ करूनच तो म्हणाला, "डॉक्टरीणबाय इचारत होती. खोट्या दागिन्यांचा तुला काय होतं काय म्हणून."

"मनाही इचारला," सगुणा म्हणाली. "फोटोच्या खोलीत आलेली ती. मी नाय बोलले."

तो तिच्याकडे वळला. "नाय बोललीस?"

"तुमी नाय बोलले म्हणून सांगला तिने. मंग मी हां कशी बोलू? बाईमाणसासमोर तुमाना खोटा पाडू?" असं म्हणून तिने ट्रंकेकडे बोट केलं. "ती इकडं ओढा."

त्याने ट्रंक खाटेशी ओढली. तळाशी, तिच्या आईच्या लुगड्याखाली एक रुमालाची पुरचुंडी होती. सगुणाने गाठ सोडली. आत ती माळ होती, मणी काही ठिकाणी पांढरे पडलेले, सोन्याचं पाणी उडून खालचं निकेल दिसत होतं. आणि माळेखाली चिंचोक्यासारखे लाखेचे मणी. धाकूने ते लगेच ओळखले. त्या दिवशी त्याने ते खिशात टाकले होते, वाटेत खाडीत फेकू म्हणून. मग खिशातून ते कुठे गेले याचा त्याने विचारच केला नव्हता, खाडीत फेकले असंच तो पुढे धरून चालला होता.

"तुमचं खाकी धुवाला काढलेलं," सगुणा म्हणाली. "खिशात गावले. माझे आयेचे मणी मी नाय वळखणार? लहानपणी एक मणी चेपलेला माझे दाताखाली, ह्यो बघा." तिने तो निवडून त्याच्या हातावर ठेवला. "आन दुसरे दिवशी तुमी ही माळ घातलीव. गळ्याला हलकी लागली. सोन्याचा भार मानेला कळतो, अवो. तवाच कळला मना."

"मंग बोललीस का नाय?"

"तुमचे हात कापत होते," ती म्हणाली. "कशी बोलू?"

धाकूला वाटलं, तिने ओरडावं. लुगडं फेकून मारावं, भावकी गोळा करावी. बारा वर्षं ज्या घटकेला तो भ्याला होता ती घटका आली होती आणि ती असल्या हलक्या आवाजात आली होती की तिच्याशी भांडताही येईना. शीलाचं लग्न त्याला आठवलं, चिकट म्हणवून घेणारी बाई आठवली, देवीला हात जोडणारा तो स्वतः आठवला. स्ट्रेचरवरची सगुणा आठवली. तीही तिथे होती. वावडं विचारलं तेव्हा तिचे डोळे उघडे होते, त्याच्याकडे बघत होते, आणि त्याने नाही म्हटल्यावर तिने ते मिटून घेतले होते. वेदनेने मिटले असं तो इतकी वर्षं समजत आला होता. त्याच्या लाजेपायी तिने ते लोखंड हाडात घालून घेतलं होतं, तोंडातून शब्द न काढता. त्याच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. जनीने पडवीतून हाक मारली, "काय रे धाकूदादा, काय झाला?" सगुणानेच उत्तर दिलं, "काय नाय गो, चहा सांडला."

मग तिने ती पांढरी पडलेली माळ उचलली आणि त्याच्यासमोर धरली. "घाला."

"येडी झालीस?"

"नुसता सांगून ती बाय मानेल काय? कागदावर तिनं नाय लिहिलंय, रेघ मारलीय, मना दाखवला तिने. डोळ्यांनी बघेल तं मानेल. उद्या सांजपावेतो येईल पुरळ, घाम हाय." आणि मान खाली घालून, बारा वर्षांपूर्वी धक्क्यावर उभी होती तशी, ती खाटेवर बसून राहिली. धाकूने फासा लावायला घेतला. या खेपेलाही तो लागेना. शेवटी तिनेच मागे हात नेऊन त्याची बोटं धरली आणि लावून घेतला.

रविवारचा दिवस असा गेला की त्याला त्यातला एक घास, एक शब्द आठवत नाही. आठवतो तो तिचा गळा. सकाळी काही नव्हतं. दहा वाजता काही नव्हतं. तो सारखा जवळ जाई, मण्यांखाली बघे, परत पडवीत येई. बारा वर्षं ज्या ठिपक्यांनी त्याची झोप उडवली ते आज यावेत म्हणून तो देवीचा धावा करत होता, आणि येतील याचीही त्याला भीती वाटत होती. कारण आले म्हणजे आत काय चाललंय ते उघडच. न आले तर कदाचित सगळं दुसऱ्याच कशाने असेल, त्याची चूक नसेल, तो सुटेल. सुटण्याची ही आशा मनात आली तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली. दुपारी अडीचच्या सुमाराला सगुणा गळा खाजवू लागली. त्याने तिचा हात धरला आणि वाकून पाहिलं. गळ्याच्या हाडाच्या खळग्यात, मणी टेकतो बरोबर तिथे, लाल ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे.

"आलं?" तिने विचारलं.

"आलं."

"ऱ्हाऊ दे तसंच," ती म्हणाली. "चला."

इस्पितळात पोचेपर्यंत मण्यांची पूर्ण ओळ उठली होती. डॉ. शुभदा घरी जायच्या तयारीत होत्या, पर्स खांद्याला होती. सगुणाला बघून थांबल्या, जवळ आल्या, चष्मा वर सारून गळ्याशी वाकल्या. "हे काय? कधीपासून?" त्यांनी सगुणाला विचारलं. सगुणा धाकूकडे बघत होती, तेच उघडे डोळे. धाकूच्या जिभेवर तो जुना शब्द आला, सवयीने, अगदी ओठांपर्यंत आला. त्याने तो गिळला.

"माळ खोटी आहे, बाई," तो म्हणाला. "मी केलेली. खाली निकेल आहे. हिला पहिल्यापासून त्याचं होतं. बारा वर्षं. मी मागल्या वेळीही खोटं सांगितलं आणि कालही."

बाईंनी पर्स खाली ठेवली. रागावतील असं त्याला वाटलं होतं, पण त्या घड्याळाकडे बघून फोनकडे वळल्या. "कातडीला होतं म्हणून हाडाला होतंच असं नाही," नंबर फिरवता फिरवता त्या म्हणाल्या. "पण असलं तर मला आता कळलं. टायटॅनियमचा मिळतोय का बघते. न मिळाल्यास सोमवारचं पुढे ढकलू." मग पलीकडून कुणीतरी उचललं आणि त्या बोलू लागल्या.

सगुणा बाकावर टेकली. भीती कुठे गेलेली नव्हती, धाकूच्या छातीत ती आहे तिथेच होती. उद्या हाड किती उरलंय कुणाला ठाऊक, मुंबईहून काय मिळतंय कुणाला ठाऊक. सगुणाने पदर बाजूला केला, मान खाली घातली आणि पाठमोरी होऊन म्हणाली, "आता काढा."